विश्लेषण : ‘सी’, ‘लूक’, ‘वॉच’चा घोळ आणि मोल्सवर्थ यांचा शब्दकोश

‘सी’, ‘लूक’ आणि ‘वॉच’ या तिन्हींचा अर्थ ‘पाहणे’ असाच पाठ केला, की वाक्यात गफलत होते. दिसणे म्हणजे ‘सी’, मुद्दाम नजर वळवणे म्हणजे ‘लूक’ आणि हालचालीवर लक्ष ठेवणे म्हणजे ‘वॉच’. हीच अडचण उलट बाजूने जेम्स मोल्सवर्थ यांच्यापुढे होती.

कोण होते मोल्सवर्थ?
जन्म १७९५. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भारतात आले आणि मराठी शिकले. पंडितांची मदत आणि जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंची साथ घेऊन त्यांनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी गेले. त्यांनी हाती घेतलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडी यांनी १८४७ मध्ये पूर्ण केला. मोल्सवर्थ मात्र पुन्हा भारतात आले. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द होते. १८७१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय शिकावे?
इंग्रजीत ‘वेअर’ एकच. मराठीत साडी नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात. शब्दाला शब्द ठेवून भागत नाही, म्हणून मोल्सवर्थ यांनी अर्थाच्या छटा आणि वापरही नोंदवला. इंग्रजी शब्दही वाक्यासह पाठ करावा.