पीचची टोपली आणि दहा फुटांची उंची

बास्केटबॉल म्हटले की अमेरिका डोळ्यांसमोर येते. परंतु या खेळाचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांची जन्मभूमी कॅनडा होय. ऑन्टारिओ प्रांतातील ऑलमाँट या लोकरीच्या गिरण्यांच्या गावाजवळ ६ नोव्हेंबर १८६१ रोजी, मूळच्या स्कॉटिश कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १८७० मध्ये विषमज्वराने आईवडील दोघेही हिरावून नेले. आजी आणि मामा पीटर यंग यांनी या पोरक्या मुलाला सांभाळले. शाळा अर्धवट सोडून त्याने जंगलात लाकूडतोडीचे कष्ट उपसले. पुढे तो पुन्हा शाळेत परतला आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाचा पदवीधर झाला. त्याच शहरात धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊनही नेस्मिथ यांनी व्यासपीठाऐवजी व्यायामशाळेची वाट धरली. खेळातूनही चारित्र्य घडवता येते, अशी त्यांची श्रद्धा होती.

१८९१ च्या हिवाळ्यात ते अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात शिक्षक होते. बाहेर बर्फ आणि आत रुक्ष कवायत, यांमुळे एक वर्ग पार बेशिस्त झाला होता. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी नव्या खेळासाठी त्यांना १४ दिवसांची मुदत दिली. मैदानी खेळ छताखाली खेळवून पाहताच विद्यार्थी एकमेकांवर आदळू लागले. धसमुसळेपणाचे मूळ चेंडू घेऊन धावण्यात आहे, हे नेस्मिथ यांनी ओळखले आणि तसे धावण्यासच मनाई केली. लक्ष्य डोक्याहून उंच ठेवले, म्हणजे बळापेक्षा नेम महत्त्वाचा ठरेल. बालपणी ऑलमाँटजवळ ते आपल्याकडील लगोरीची आठवण करून देणारा एक खेळ खेळत. त्यात दगड जोराने भिरकावण्यापेक्षा अलगद वर उडवून टाकणारा सरस ठरे, हे त्यांच्या स्मरणात होते. गॅलरीच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या गेल्या. तो कठडा दहा फुटांवर होता. तीच उंची आजही कायम आहे. १३ नियम आणि प्रत्येकी नऊ खेळाडूंचे दोन संघ, एवढ्या सामग्रीवर २१ डिसेंबर १८९१ रोजी पहिला सामना झाला. त्यात एकच गोल झाला.

वायएमसीएच्या शाखांमधून हा खेळ जगभर गेला. मद्रासमध्ये १९२० साली शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन करणारे हॅरी क्रो बक हेही स्प्रिंगफील्डचेच विद्यार्थी. नेस्मिथ यांनी मात्र या शोधातून संपत्ती मिळवण्याचा मार्ग स्वीकारला नाही. ते वैद्यकीय पदवी घेऊन १८९८ मध्ये कॅन्सस विद्यापीठात रुजू झाले. प्रशिक्षक म्हणून त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. खेळाचा जनकच त्या विद्यापीठाचा जयापेक्षा पराजय अधिक असलेला एकमेव प्रशिक्षक ठरला! परंतु जयापजयाच्या हिशेबापेक्षा खेळाडूचे घडणे त्यांना मोलाचे वाटे. १९३३ मध्ये जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे आला. वर्णभेदामुळे त्याला विद्यापीठाच्या संघाची दारे बंद होती. नेस्मिथ यांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतले. हाच विद्यार्थी पुढे नामवंत प्रशिक्षक झाला.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला पदकाचा मान मिळाला. तेथे जाण्याचा खर्च नेस्मिथ यांना परवडणारा नव्हता. खेळावर प्रेम करणाऱ्यांनी निधी गोळा करून त्यांना पाठवले. अंतिम सामन्यात, भर पावसात, त्यांच्या कर्मभूमीने जन्मभूमीचा १९-८ असा पराभव केला. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी कॅन्ससमधील लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले.

जन्मगावाला त्यांचा विसर पडलेला नाही. ऑलमाँटमध्ये त्यांच्या नावाचे धर्मादाय प्रतिष्ठान असून तेथे तिघातिघांच्या संघांची बास्केटबॉल स्पर्धा भरते. गावाजवळच्या एका जुन्या गिरणीत त्यांचे संग्रहालय आहे, तर २०११ मध्ये गावात त्यांचा पुतळाही उभा राहिला. खेळातून माणूस घडवण्यासाठी झटलेल्या या शिक्षकाचे खरे स्मारक मात्र त्या स्पर्धेत उतरणारी मुलेच होत.