कुरुमनचे मॉफट दांपत्य

दक्षिण आफ्रिकेत कालाहारी वाळवंटाच्या दक्षिणेस कुरुमन नावाचे गाव आहे. तेथे खडकातून एक मोठा झरा वाहतो. भोवतालचा मुलूख उन्हाने करपून गेला तरी तो आटत नाही. दररोज सुमारे २ कोटी लिटर पाणी तो देतो. या पाण्याच्या आश्रयाने रॉबर्ट मॉफट आणि त्यांची पत्नी मेरी यांनी आपले बहुतेक आयुष्य घालविले.

रॉबर्ट यांचा जन्म १७९५ साली स्कॉटलंडमधील ऑर्मिस्टन या खेड्यात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. हिवाळ्याच्या लांबलचक संध्याकाळी आई मुलांना जवळ बसवून विणकाम व शिवणकाम शिकवी. मुलग्यांना सुईदोऱ्याचे काय काम, असे त्या वेळी रॉबर्टला वाटले असेल. पण पुढे ओसाड मुलखात फाटलेले कपडे शिवताना त्यांना आईची आठवण अनेकदा झाली. शाळा थोडकीच झाली. मग ते माळीकाम शिकले आणि इंग्लंडमधील डकिनफील्ड येथे स्मिथ नावाच्या गृहस्थांच्या रोपवाटिकेत कामाला लागले. मालकांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचा स्नेह जुळला. आफ्रिकेत धर्मप्रसारासाठी जावे, ही दोघांचीही इच्छा होती. पण एकुलत्या एका मुलीला इतक्या दूर पाठविण्यास आईवडील राजी होईनात. १८१६ साली रॉबर्ट एकटेच जहाजावर चढले. आईवडिलांचे मन वळण्यास तीन वर्षे लागली. १८१९ च्या डिसेंबरात केपटाउन येथे दोघांचा विवाह झाला आणि बैलगाडीतून त्यांनी उत्तरेची वाट धरली.

प्रारंभीची वर्षे फार कठीण गेली. त्या प्रदेशातील त्स्वाना लोकांना हे गोरे पाहुणे नकोसे वाटत. मेंढ्या चोरीस जात, अवजारे नाहीशी होत. रॉबर्ट आणि त्यांचे वयस्क सहकारी हॅमिल्टन यांनी मोठ्या कष्टाने पाट खणून बागेला पाणी आणले, तर गावातील बायका वरच्या अंगाला पाट फोडून ते आपल्या मळ्यांकडे वळवीत. मग कुदळ खांद्यावर टाकून भर उन्हात पुन्हा पाटाच्या तोंडाशी जावे लागे. यात बायकांचाही काही मोठा अपराध नव्हता. नदी त्यांची, जमीन त्यांची. नव्या माणसाने येऊन पाण्याला निराळी वाट दाखवावी, हे त्यांना कसे रुचावे? अवर्षण पडले तेव्हा तर पाऊस पाडणाऱ्या मांत्रिकाने सारा दोष पाहुण्यांच्या माथी मारला. लोक भाले घेऊन दाराशी आले आणि त्यांना निघून जाण्यास बजावले. रॉबर्ट छाती पुढे करून उभे राहिले. मारायचे तर मारा, पण आम्ही जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. मेरीबाई तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन जवळच उभ्या होत्या. लोक निमूटपणे परतले.

मेरीबाई सुखवस्तू घरात वाढलेल्या होत्या. येथे त्यांना मेणबत्त्या चरबीपासून घरी कराव्या लागत आणि साबणही घरीच. जमीन तर आठवड्यातून एकदा शेणाने सारवीत. हे विलायतेत कोणी सांगितले असते तर त्यांना हसू आले असते. पण सारवणाने धूळ बसते आणि पिसवा मरतात, हे ध्यानात येताच त्यांनी माहेरच्या पत्रात या रीतीची वाखाणणी केली. आपल्याकडील गृहिणींना यात नवल वाटणार नाही. रॉबर्ट लोहारकी करीत, सुतारकी करीत, बाग राखीत, आजाऱ्यांना औषध देत.

वर्षांमागून वर्षे गेली, तरी कोणी धर्मदीक्षा घेईना. अशा वेळी शेफील्डच्या एका मैत्रिणीने, तुला काय पाठवू, असे मेरीबाईंना विचारले. त्यांनी प्रभुभोजनाच्या विधीची भांडी मागितली. त्या भांड्यांचा उपयोग करणारा एकही त्स्वाना मनुष्य तेव्हा नव्हता! पुढे १८२९ साली काहींनी दीक्षा घेतली आणि पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती पेटी कुरुमनला येऊन पोहोचली.

भाषेची कथा याहून मनोरंजक आहे. रॉबर्ट प्रथम दुभाष्याकरवी बोलत. एकदा त्यांनी सांगितले की आत्म्याचे तारण हा फार मोठा विषय आहे. दुभाष्याने लोकांना सांगितले की ते एक फार मोठे पोते आहे. तेव्हा रॉबर्ट यांनी दुभाष्याचा नाद सोडला आणि घर मागे ठेवून ते काही आठवडे त्स्वाना लोकांच्या वस्तीत जाऊन राहिले. त्या भाषेत पुस्तके नव्हती. त्यांनी शब्द जमविले, लेखनाची पद्धत बसविली, छपाईची कला शिकून घेतली आणि १८३१ साली लोखंडी छापयंत्र बैलगाडीतून कुरुमनला आणले. संपूर्ण बायबलचे भाषांतर १८५७ साली पुरे झाले. या लोकांना धर्मच नाही, हे रॉबर्ट यांचे मत मात्र चुकीचे होते. त्स्वाना लोक ज्या पूर्वजांना पूज्य मानीत, त्यांचेच नाव या भाषांतरात भुतांसाठी योजले गेले. पुढील अभ्यासकांनी त्याबद्दल दोष दिला, तो योग्यच होय.

उत्तरेकडील मटाबेले लोकांचा प्रबळ राजा म्झिलिकाझी याचा रॉबर्ट यांच्यावर विलक्षण लोभ होता. त्याच्या भेटीसाठी ते साठीच्या घरातही महिनेन् महिने प्रवास करीत. अशा वेळी कुरुमनचा सारा कारभार मेरीबाईंच्या अंगावर पडे. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्या त्यांच्या दाराशी थांबत आणि शिधा, भाजीपाला, औषध घेऊन पुढे जात. मुलांना शिक्षणासाठी दूर पोहोचविण्याचे काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येई. कित्येक आठवड्यांचा तो प्रवास, आणि अखेरीस मुलांचा निरोप!

वडील कन्या मेरी हिचा विवाह १८४५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्याशी झाला. १८६२ साली झांबेझी नदीच्या काठी ती तापाने वारली. त्याच वर्षी पुत्र रॉबर्ट मृत्यू पावला. १८६६ साली दुसरे जावई मारले गेले. वृद्ध मातापित्यांनी हे आघात कुरुमनलाच सोसले. शाळा, उपासना आणि भाषांतराची दुरुस्ती यांत त्यामुळे खंड पडला नाही.

अखेर शरीर थकले. १८७० च्या मार्चमध्ये रॉबर्ट यांनी शेवटचे प्रवचन केले. काही दिवसांनी ते दोघे गाडीत बसले तेव्हा गावातील लोक भोवती जमून रडू लागले. ज्यांच्या आजोबांनी त्यांना निघून जाण्यास सांगितले होते, तेही त्यांत असतील. दोघांचेही वय तेव्हा ७४ वर्षांचे होते. जन्मभूमी आता त्यांना परकी वाटू लागली होती. इंग्लंडला पोहोचल्यानंतर सहा महिन्यांतच, १८७१ च्या जानेवारीत, मेरीबाईंचे निधन झाले.

रॉबर्ट आणखी बारा वर्षे जगले. गावोगाव जाऊन ते आफ्रिकेची हकीकत सांगत. १८७४ साली लिव्हिंग्स्टन यांना वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरण्यात आले, तेव्हा हा वृद्ध सासरा तेथे उपस्थित होता. १८८३ च्या ऑगस्टमध्ये, मृत्यूच्या आदल्या रात्री, त्यांनी थरथरत्या हाताने नेहमीप्रमाणे घड्याळाला किल्ली दिली आणि ही शेवटचीच, असे जवळच्या माणसाला सांगितले.