डॉ. कमलाबाई सोहोनी यांचे चरित्र

परमेश्वर बुद्धीची देणगी देतो ती मुलगा की मुलगी हे पाहून देत नाही; तो भेद आपण मनुष्येच करितो. ज्यांच्या आयुष्यावरून हे स्पष्ट दिसून येते, त्या थोर विदुषीचा अल्पसा परिचय लोहारा येथील आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगी वाचकांस करून द्यावा, असे योजिले आहे. बाई ख्रिस्ती नव्हत्या. तथापि त्यांची सेवा आपणांस अनुकरणीय आहे.

कमलाबाई माहेरच्या भागवत. त्यांचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. प्रसिद्ध लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा रसायनशास्त्र घेऊन त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. पुढे संशोधनाकरिता त्यांनी बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत अर्ज केला. परंतु अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणास्तव संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तो नाकारिला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. गांधीजींच्या मार्गाने त्यांनी सत्याग्रह आरंभिला. तेव्हा एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांस प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या या शिस्तप्रिय गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. वर्षाअखेर रामन यांची खात्री पटली, आणि पुढे इतर मुलींसही त्या संस्थेचे दार उघडले.

त्यानंतर इंग्लंडमधील केंब्रिज येथे, नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केले. श्वसनक्रियेस आवश्यक असे सायटोक्रोम-सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, हे त्यांनी बटाट्यावर काम करून दाखविले. १९३९ साली त्यांस डॉक्टरेट मिळाली.

परदेशी मान मिळत असताही त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन व कुन्नूर येथे पोषणविषयक संशोधन केल्यावर, १९४७ साली विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञानसंस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या. विद्यार्थ्यांस संशोधनाचे विषय देताना गरिबांच्या अन्नावर त्यांची दृष्टी असे. डाळी व कडधान्ये यांचा अभ्यास त्यांनी शिष्यांकडून करविला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेचे परीक्षण झाले. शिंदीचे झाड आपल्या भागात कोणास अपरिचित आहे? त्याचा न आंबलेला रस पौष्टिक असून, कुपोषित आदिवासी मुलामुलींस व गरोदर स्त्रियांस त्यापासून लाभ होतो, असे त्यांस आढळले. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. त्याच संस्थेच्या संचालिकापदावरून त्या १९६९ साली निवृत्त झाल्या. १९६६ साली मुंबईत ग्राहकांच्या हितासाठी स्थापन झालेल्या संस्थेतही त्यांचा वाटा होता. १९९८ साली त्यांचे देहावसान झाले.

शुभवर्तमानातील तालंतांचा दाखला आपण सर्वांनी ऐकिला आहे. जमिनीत पुरून ठेविलेल्या तालंताचा हिशेब धन्याने मागितलाच. कापूसवेचणीचे दिवस आले की मुलगा शाळेत जातो व मुलगी शेतावर राहते, असे ज्या घरी घडत असेल, तेथील मातापित्यांनी कमलाबाईंचे चरित्र एकवार मनात आणावे. उद्या आपल्याच कोलामांच्या एखाद्या पोडावरून अशी विदुषी निघणार नाही, हे कोणी सांगावे? तिचे दार आपल्या हातून बंद होऊ नये, एवढी कृपा प्रभूने आपणांस द्यावी.