वामनदादांचे गाणे आणि आपल्या वस्तीतला ठेवा

लोककवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी या खेड्यात झाला. पोटासाठी ते मुंबईला आले, गिरणीत राबले. शाळा लाभली नव्हती. कुणी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता येईना, ही खंत मनाला लागली. मोठेपणी त्यांनी अक्षरे गिरवली. १९४३ मध्ये एका हिंदी गाण्याच्या चालीवर पहिले गीत लिहिले. पुढे आयुष्यभर बाबासाहेबांचा विचार ते गावोगावी गात राहिले.

आंबेडकरी जलशाला महागडी वाद्ये लागली नाहीत. ढोलकी, डफ, खंजिरी, तुणतुणे पुरे. तुणतुणे म्हणजे तरी काय? पोकळ लाकडी डबा, तळाला ताणलेले कातडे, बाजूला दांडी आणि एकच तार. त्यावर वस्ती रात्रभर जागायची.

दादांची गाणी वह्या-पुस्तकांत उतरली, इतर गायकांच्या आवाजात कॅसेटवर आली. म्हणूनच १५ मे २००४ रोजी दादा गेले तरी गाणी राहिली.

आमच्या कर्जत-खालापूरच्या वस्त्यांतही ज्येष्ठांनी स्वतः रचलेली भीमगीते आहेत. अनेक गाणी फक्त तोंडपाठ आहेत. म्हणणारा गेला की गाणेही जाते. म्हणून आम्ही तरुणांना विनंती करतो, स्टुडिओची वाट पाहू नका. विहारात ज्येष्ठांना बोलवा, खंजिरी-तुणतुणे घ्या, मोबाईलवर गाणे ध्वनिमुद्रित करा, वहीत उतरवा आणि रचणाऱ्याचे नाव-गाव लिहून ठेवा. वामनदादांना तेच खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!