शिकारी बादशहा जहांगीर

महाराष्ट्रातून पाहुणे आले म्हणजे त्यांना ताजमहाल दाखवावा, किल्ला दाखवावा, आणि १६६६ साली शिवाजीमहाराज औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन याच शहरातून निसटले हे अभिमानाने सांगावे, असा आम्हां आग्रेकर मराठी कुटुंबांचा ठरलेला क्रम आहे. त्यातूनही वेळ उरला तर सिकंदऱ्यास अकबर बादशहाची कबर पाहावयास नेतात. तेथील विस्तीर्ण बागेत काळविटांचा कळप निर्धास्तपणे चरत असतो. वडील मंडळी लाल दगडावरील नक्षीचे कौतुक करीत असता मुलांचे सारे लक्ष त्या हरणांकडे असते. ज्या राजवंशाने हरणांची इतकी शिकार केली, त्याच्याच कबरीभोवती हरणे अशी निवांत चरावीत, हा विरोधाभास आमच्या मनात घर करून राहिला. सरकारी नोकरीतून मिळालेल्या सवडीत आम्ही अकबरपुत्र जहांगीर याचे आत्मचरित्र इंग्रजी भाषांतरातून वाचून काढले. त्यात आम्हांस जो मनुष्य भेटला, त्याची ओळख मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

जहांगीर म्हटले की आपणां मराठी माणसांस नूरजहान आठवते, न्यायाची घंटा आठवते, फार तर मलिक अंबर आठवतो. परंतु या बादशहाचे सारे आयुष्य हरणाच्या शिकारीने आरंभापासून अखेरपर्यंत व्यापलेले आहे. आरंभ तर त्याच्या जन्माच्याही आधीचा. तो आईच्या उदरात असताना एके दिवशी गर्भाची हालचाल थांबली. जनानखान्यात घबराट उडाली. अकबर त्या वेळी चित्त्यांकरवी हरणांची शिकार करण्यात गुंतला होता. चित्त्याच्या शिकारीचा अकबराला विलक्षण नाद. ती वार्ता कानी पडताच त्याने नवस केला, की हे मूल वाचले तर शुक्रवारी आपण चित्त्याची शिकार कधीही करणार नाही. तो दिवस शुक्रवारचाच होता. मूल वाचले. अकबराने तो नवस जन्मभर पाळला आणि पित्याची इच्छा म्हणून पुढे पुत्रानेही पाळला. एका हरणाला मिळालेल्या जीवदानाच्या मोबदल्यात आपणांस जीवदान मिळाले, ही कथा जहांगिराने स्वतःच नोंदवून ठेविली आहे.

३१ ऑगस्ट १५६९ रोजी फत्तेपूर सिक्री येथे त्याचा जन्म झाला. शेख सलीम चिश्ती यांच्या आशीर्वादाने झालेला मुलगा म्हणून त्याचे नाव सलीम ठेवले. अकबर मात्र लाडाने त्याला शेखू बाबा म्हणे. आई अंबरच्या राजपूत घराण्यातील. राजपुत्राच्या शिक्षणात फारसी काव्याइतकेच शिकारीलाही स्थान होते. डोळ्यांवर झापड बांधलेला चित्ता गाडीतून कळपाच्या जवळ न्यावयाचा आणि नेमक्या क्षणी झापड काढून त्याला सोडावयाचा, ही एक रीत. शिकवून तयार केलेला माणसाळलेला काळवीट शिंगांना फास बांधून रानातील नराशी झुंजावयास सोडावयाचा आणि शिंगे अडकली की रानटी हरीण जिवंत धरावयाचे, ही दुसरी. हाकारे घालून, मोठे रिंगण करून जनावरे कोंडावयाची, ही तिसरी. बंदूक व तीरकमठा होताच. सलीमच्या शिकारीची मोजदाद १५८० सालापासून, म्हणजे चांद्र गणनेने त्याच्या वयाच्या बाराव्या वर्षापासून सुरू होते. त्या वयात लागलेला छंद पुढे व्यसनच झाला.

तरुणपणी मद्य, अफू आणि पित्याशी वैर या तिन्ही गोष्टी त्याच्या वाट्यास आल्या. त्याने बंड केले. पित्याचा विश्वासू मंत्री अबुल फझल याचा १६०२ साली त्याच्या सांगण्यावरून खून झाला. तरीही १६०५ साली अकबर निवर्तल्यावर आग्र्याच्या तख्तावर तोच बसला आणि त्याने जहांगीर हे नाव धारण केले. पहिल्याच हुकमांत त्याने किल्ल्याच्या बुरुजापासून यमुनेच्या काठापर्यंत साठ घंटांची सोन्याची साखळी लावविली. गाऱ्हाणे असेल त्याने ती ओढावी. आठवड्यातून दोन दिवस, आपल्या राज्यारोहणाचा गुरुवार आणि पित्याच्या जन्माचा रविवार, जनावरे मारण्यास त्याने मनाई केली. वैर केलेल्या पित्याची ही आठवण पाहून वाचक क्षणभर थबकतो.

त्याच्यापाशी मनसराज नावाचा एक काळवीट होता. झुंजीत आणि रानटी हरणे धरण्याच्या कामी त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. तो मेल्यावर जहांगिराने त्याची कबर बांधविली, तिच्यावर हरणाच्या आकृतीचा दगड बसविला, शेजारी मनोरा उभारून त्यावर लेख कोरविला, आणि त्या माळावर कोणीही हरणाची शिकार करू नये असा हुकूम काढला. येथील हरणाचे मांस हिंदूंस गोमांसासारखे आणि मुसलमानांस डुकराच्या मांसासारखे निषिद्ध समजावे, असे त्या हुकमाचे शब्द कडक होते. हा हिरण मिनार १६०७ सालच्या सुमाराचा. आज तो पाकिस्तानातील शेखूपुऱ्यास आहे, आणि त्या गावाच्या नावात अकबराचा शेखू अजून शिल्लक आहे.

एका हरणाकरिता असा हळवा होणारा हा पुरुष माणसांच्या बाबतीत कसा होता? १६१० सालची एक हकीकत वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेविले होते. बादशहा नीलगायीच्या मागावर होता. जनावर अगदी टप्प्यात आले, तोच एक मोतद्दार आणि दोन पालखीचे भोई नकळत मध्ये आले व नीलगाय पळाली. संतापलेल्या जहांगिराने मोतद्दाराला जागच्या जागी ठार मारविले. भोयांच्या पायांच्या धोंडशिरा तोडून त्यांना गाढवावर बसवून छावणीभर फिरविले. त्यानंतर तो पुन्हा शिकारीस निघून गेला. न्यायाची घंटा लावणाऱ्या हातांनीच हे केले. विशेष हे, की ही हकीकत कोणा शत्रूने लिहिलेली नसून खुद्द त्याच्याच लेखणीची आहे, आणि तिच्यात खेदाचा एक शब्द आम्हांस आढळला नाही. सरकारी दफ्तरात आमची तीस वर्षे गेली. स्वतःस अडचणीत आणील अशी नोंद स्वतःच्या हाताने करणारे अधिकारी आम्ही फार थोडे पाहिले. जहांगीर तशी नोंद करतो. मात्र ती अपराध म्हणून नव्हे, दिनक्रम म्हणून करतो. कोणते वाईट, हे आम्ही ठरवू शकलो नाही.

याच नोंदीच्या सवयीने त्याने १६१७ च्या सुमारास आपल्या साऱ्या शिकारीचा हिशेब मांडविला. बाराव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत त्याच्या समक्ष मारली गेलेली जनावरे २८,५३२. त्यांपैकी त्याने स्वतः मारलेली १७,१६७. त्यात चतुष्पाद ३,२०३ आणि पक्षी १३,९६४. वाघ-सिंह ८६, नीलगायी ८८९, आणि हरीण, चिंकारा, चितळ वगैरे मिळून सोळाशेंहून अधिक. त्याच वर्षी मांडू प्रांती हत्तीच्या अंबारीतून बेगम नूरजहानने सहा गोळ्यांत चार वाघ लोळविले, याचे त्याने तोंड भरून कौतुक केले आहे.

मात्र याच माणसाचे डोळे निसर्गाच्या बाबतीत अभ्यासकाचे होते. सारस पक्ष्यांची जोडी पाळून नर-मादी आळीपाळीने अंडी कशी उबवितात हे त्याने दिवसेंदिवस पाहून टिपले. कोणी अपरिचित पशुपक्षी आणला की तो उस्ताद मन्सूर याच्याकडून त्याचे चित्र काढवून घेई. आपल्या मुंबईचे पक्षितज्ज्ञ सालीम अली यांनी मोगल बादशहांच्या या निसर्गनिरीक्षणावर आवर्जून लेखन केले आहे.

महाराष्ट्राशी त्याचा संबंध आला तोही एका न साधलेल्या शिकारीसारखा. निजामशाहीचा मलिक अंबर त्याच्या सैन्याला वर्षानुवर्षे दाद देईना. अखेर चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. प्रत्यक्षात अंबर हाती लागला नाहीच. तो १६२६ साली आपल्या मरणाने मेला. बादशहाला ती शिकार कागदावरच करावी लागली.

पन्नासाव्या वर्षी बंदूक खाली ठेवीन, असा संकल्प जहांगिराने पूर्वी केला होता. त्या सुमारास त्याचा लाडका नातू शुजा गंभीर आजारी पडला. पित्याने आपल्यासाठी केलेला शुक्रवारचा नवस त्याला आठवला असला पाहिजे. कारण ती जुनी कथा तो याच प्रसंगी सांगतो. आपल्या हाताने यापुढे कोणत्याही जिवास इजा करणार नाही, असा नवस त्याने केला. नातू बरा झाला. सुमारे पाच वर्षे नवस पाळलाही गेला. पुढे शुजाचाच पिता शाहजहान याने बंड केले. त्या संतापात जहांगिराने पुन्हा बंदूक हाती घेतली. प्रेमाने खाली ठेविलेले शस्त्र रागाने उचलले गेले.

शेवटचा अंक १६२७ सालचा. प्रकृती ढासळलेली. काश्मीरहून लाहोरकडे परतताना मुक्काम पडला बैरामकल्ल्यास, आजच्या पूंछ जिल्ह्यात, पीरपंजालच्या पायथ्याशी. ते त्याचे आवडते शिकारीचे ठिकाण. गावकऱ्यांनी हरणे कड्यावर हाकावीत, खाली बसलेल्या बादशहाने गोळी घालावी आणि हरीण कोसळत खाली यावे, अशी तेथील रीत. त्या दिवशी हाकाऱ्यांपैकी एक पायदळाचा शिपाई हरणामागे कड्याच्या टोकाशी गेला. पाय निसटला आणि बादशहाच्या डोळ्यांदेखत तो खाली पडून गतप्राण झाला.

सतरा वर्षांपूर्वी एका नीलगायीपायी मोतद्दाराचा जीव घेणारा जहांगीर या एका अनोळखी शिपायाच्या मृत्यूने पुरता हादरला. त्याने त्या शिपायाच्या आईस बोलावून घेतले, तिचे सांत्वन केले, तिला द्रव्य दिले. तरीही त्याच्या मनास स्वस्थता लाभली नाही. जणू आपलाच काळ आपण पाहिला, असे त्याला वाटले, असे त्याचा इतिहासकार मुतमिद खान याने नमूद केले आहे. तेथून छावणी राजौरीस आली. राजौरीहून निघताना त्याने मद्याचा पेला मागविला. पण घोट गळ्याखाली उतरला नाही. काही तासांतच, ऑक्टोबर १६२७ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने देह ठेविला. त्याची कबर लाहोरजवळ शाहदऱ्यास आहे.

एका आईच्या पोटातील मूल वाचावे म्हणून अकबराने थांबविलेल्या शिकारीने जे आयुष्य सुरू झाले, ते दुसऱ्या एका आईचा मुलगा शिकारीत गमावल्याच्या धक्क्याने संपले. इतिहासकार मृत्यूचे कारण दम्यात, मद्यात व अफूत शोधतील, आणि ते योग्यच आहे. आम्हांस मात्र वाटते, की साठ घंटांच्या साखळीपर्यंत ज्यांचा हात कधी पोहोचला नाही, त्या मोतद्दाराचे व भोयांचे गाऱ्हाणे त्या कड्याखाली बादशहाच्या कानी पोहोचले असावे. फार उशिरा पोहोचले, पण पोहोचले.

आता पाहुण्यांस सिकंदऱ्यास नेले की आम्ही मुलांबरोबर काळविटांपाशीच थांबतो. हे प्रवेशद्वार आणि ही कबर जहांगिरानेच १६१३ साली पुरी करविली, हे त्यांना सांगतो. मग शुक्रवारच्या नवसाची गोष्ट सांगतो. मोतद्दाराची गोष्ट मुले थोडी मोठी झाली म्हणजे सांगावयाची, असे ठरविले आहे. पण सांगावयाची खरी.