इतिहासाचार्य राजवाडे

सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, देवघरांतील फडताळांत आणि बळदांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत कागदांचे ढीग धूळ खात पडलेले असत. कोणा सरदाराने लढाईवरून धाडलेली पत्रे, कोणा कारकुनाने लिहून ठेवलेला जमाखर्च, वतनाच्या सनदा, गावकीच्या भांडणांचे निवाडे असे नाना प्रकारचे कागद त्यांत होते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि ज्या घराण्यांनी हे कागद जपले होते त्यांचे वैभव हळूहळू ओसरले. नातवापणतवांना जुनी मोडी लिपी वाचता येईनाशी झाली. जे वाचता येत नाही त्याची किंमत कोण करणार? काही कागद पावसाच्या गळतीने कुजले, काही वाळवीने खाल्ले, तर काही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्याच्या कामी आले.

मुलांनो, अशा एका पुडीबरोबर काय नाहीसे होत असेल, याचा विचार कधी तुमच्या मनात आला आहे काय? झाड तोडले तर नवे लावता येते, घर पडले तर पुन्हा बांधता येते. परंतु ज्याची दुसरी प्रत नाही असा कागद एकदा नष्ट झाला की त्यातील हकीकत जगातून कायमची जाते. ही हानी ज्यांच्या जिवाला सर्वांत अधिक लागली आणि ती थांबविण्यासाठी ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते थोर पुरुष म्हणजे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. ते लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. पुढील शिक्षण पुणे व मुंबई येथे झाले. ठराविक पाठ्यपुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील इतर ग्रंथांतच त्यांचे मन अधिक रमे. इतिहास, तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा अनेक विषयांचा त्यांनी आपल्या आवडीने अभ्यास केला. बी. ए. ची पदवी मिळाल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली; परंतु नोकरीच्या चाकोरीत ते फार दिवस राहिले नाहीत. याच सुमारास त्यांच्या पत्नीचे निधन झाले. त्या वेळी ते ऐन तारुण्यात होते. तरी त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. घर नाही, नोकरी नाही, पुढील मार्गही निश्चित नाही, अशा अवस्थेत दुसरा एखादा खचून गेला असता. राजवाडे यांनी मात्र सारा वेळ विद्येला वाहिला. जगातील उत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक चालविले आणि ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या एका प्रसिद्ध ग्रंथाचे मराठी भाषांतर केले. आपण जे लिहू ते मराठीतच लिहू, असा त्यांचा निर्धार होता. इंग्रजीत लिहिल्याने मानमरातब मिळण्याचा तो काळ होता, तरी हा निर्धार त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

त्या वेळी मराठ्यांच्या इतिहासावर ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ प्रमाण मानला जात असे. डफ याने कागदपत्रे गोळा करून मोठ्या मेहनतीने तो ग्रंथ लिहिला होता, यात शंका नाही. परंतु त्यात अनेक उणिवा होत्या. दुसरीकडे आपल्याकडील बखरींत रसाळ वर्णने होती. पण पुष्कळ बखरी घटना घडून गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, ऐकीव माहितीवर लिहिलेल्या होत्या. मग खरे काय घडले हे कसे ओळखावे? राजवाडे यांचे मत असे पडले की, ज्या दिवशी घटना घडली त्याच सुमारास, त्या घटनेत वावरणाऱ्या माणसांनी लिहिलेली पत्रे हीच इतिहासाची खरी साधने होत. आधी ती साधने मिळवावीत आणि मगच इतिहास लिहावा.

लवकरच या विचाराला कृतीचे रूप मिळाले. कृष्णाकाठच्या वाई या गावी एका जुन्या घरी ठेवलेल्या कागदांचा शोध लागला. राजवाडे यांनी ते कागद तपासले, तेव्हा त्यांत पानिपतच्या मोहिमेच्या काळातील पत्रे निघाली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा मोठा पराभव झाला, हे सर्वांस ठाऊक होते. परंतु त्यापूर्वीच्या महिन्यांत सदाशिवरावभाऊंना पैशाची किती चणचण होती, उत्तरेतील गोविंदपंत बुंदेले यांना ते रसदेसाठी आणि द्रव्यासाठी कशी निकडीची पत्रे पाठवीत होते, हे आता प्रत्यक्ष त्यांच्या पत्रांतून दिसू लागले. १७५० ते १७६१ या काळातील अशी पत्रे निवडून राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मोडी अक्षर एकमेकांत गुंतलेले असते. प्रत्येक लेखकाचे वळणही निराळे. त्यातच पुष्कळ पत्रांवर तिथी असे, पण साल नसे. मग पत्रात आलेली माणसांची नावे, मुक्कामाची गावे आणि इतर घडामोडी यांची सांगड घालून ते पत्र कोणत्या वर्षीचे, हे ठरवावे लागे. एका ओळीच्या निर्णयासाठी कित्येकदा अनेक पत्रे पुन्हा पुन्हा वाचावी लागत.

पहिल्या खंडानंतर राजवाडे यांची भ्रमंती सुरू झाली, ती आयुष्यभर थांबली नाही. अंगावर साधे कपडे, जवळ एखादे घोंगडे आणि थोडे सामान, एवढ्यावर ते गावोगाव हिंडत. बरेचदा पायीच जात. स्वतःचे अन्न स्वतः शिजवून घेत. कोठे जुने दफ्तर आहे असे कळले की ऊनपाऊस न पाहता तेथे जाऊन पोहोचत.

परंतु दारी आलेल्या या परक्या माणसाला लोक सहजासहजी कागद दाखवीत नसत. त्यालाही कारण होते. इंग्रज सरकारने १८५२ च्या कायद्याने इनाम जमिनींची कसून चौकशी केली होती आणि त्या चौकशीत अनेकांची इनामे गेली होती. आपले कागद बाहेर गेले तर आपली जमीनही जाईल, ही भीती लोकांच्या मनात घर करून होती. राजवाडे कोठे गोडीने समजावीत, कोठे चिकाटीने पुन्हा पुन्हा फेऱ्या घालीत, तर कोठे घरमालकाच्या नजरेसमोर ओसरीवर बसून कागदांच्या नकला उतरून घेत. अशा प्रयत्नांतून त्या मालेचे एकंदर २२ खंड निघाले. या खटाटोपात त्यांना कोणी पगार देत नव्हते. निरनिराळ्या गावच्या मंडळींनी आपापल्या परीने साहाय्य केले आणि ते काम पुढे सरकत गेले.

एकटा मनुष्य कितीही झिजला तरी साऱ्या महाराष्ट्राचे कागद वाचविणे त्याच्या हातून होणार नाही, हे राजवाडे यांनी ओळखले. ७ जुलै १९१० रोजी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने त्यांनी पुणे येथे भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी जुन्या घराण्यातील गृहस्थ अशी मंडळी आपला उद्योग सांभाळून तेथे जमत. कोणाला एखादे ताम्रपट सापडले, कोणाला नाणे, कोणाला पत्रांचा रुमाल मिळाला की तो सभेपुढे ठेवीत, त्यावर चर्चा होई आणि नंतर ती माहिती छापली जाई. सापडलेला कागद एकाच्या घरी न राहता सर्वांच्या उपयोगी पडू लागला.

राजवाडे यांचा स्वभाव मात्र फार करारी होता. न पटलेले मत ते तोंडावर सांगत आणि रागाच्या भरात कठोर शब्दही बोलून जात. ज्या संस्थेचा त्यांनी पाया घातला, तिच्यातील मंडळींशीही त्यांचे मतभेद झाले आणि ते पुणे सोडून खानदेशात धुळ्यास गेले. त्यांची सर्वच मते पुढील विद्वानांनी मान्य केली असेही नाही. शब्दांच्या त्यांनी दिलेल्या अनेक व्युत्पत्ती आज कोणी स्वीकारीत नाही. १९०९ साली त्यांनी एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. त्या पोथीच्या प्राचीनतेविषयीही पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या. परंतु यात राजवाडे यांना कमीपणा नाही. मते बदलतात, नव्या पुराव्याने जुने सिद्धान्त मागे पडतात. असा नवा विचार करण्यासाठी पुढील पिढ्यांना कागदच उरले नसते तर काय झाले असते? राजवाडे यांच्याशी वाद घालणाऱ्यांनाही राजवाडे यांनी वाचविलेल्या साधनांचाच आधार घ्यावा लागला.

धुळे त्या काळी एक मध्यम आकाराचे गाव होते. तेथे समर्थ रामदासांच्या वाङ्मयाचा शोध घेणारे शंकर श्रीकृष्ण देव आणि इतिहासप्रेमी भास्कर वामन भट यांच्यासारखी ध्येयवादी माणसे होती. राजवाडे यांनी आपली शेवटची वर्षे याच गावी लेखन आणि संशोधन यांत घालविली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मागे संपत्ती नव्हती. होती ती कागदांची दफ्तरे आणि अपुरी राहिलेली हस्तलिखिते. आता या दफ्तरांची गतही त्या माळ्यावरच्या कागदांसारखी होणार काय, हा प्रश्न होता. धुळ्याच्या नागरिकांनी तसे होऊ दिले नाही. १९२७ च्या आरंभीच त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले, दफ्तरे सांभाळली आणि राहिलेले लेखन छपाईस काढले. राजवाडे यांचा मराठी धातुकोश त्यांच्या मृत्यूनंतर सुमारे अकरा वर्षांनी, १९३७ साली प्रसिद्ध झाला. ज्याने इतरांचे कागद वाचविले, त्याचे कागद एका गावाने वाचविले.

इतिहासाची साधने केवळ पुणे, वाई किंवा धुळे येथेच आहेत असे नाही. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे गाव आहे. तेथे १९६९-७० साली उत्खनन झाले, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. त्याच जिल्ह्यातील जवाहरनगर ही वसाहत मात्र अगदी अलीकडची. १९६० नंतर संरक्षण साहित्याच्या कारखान्याभोवती ती उभी राहिली. अशा नव्या वस्तीला कसला इतिहास, असे एखाद्याला वाटेल. परंतु वस्ती होण्यापूर्वी तेथे कोणाची शेते होती, पहिली कुटुंबे कोणकोणत्या गावांहून आली, पहिली शाळा कोठे भरली, हे सांगणारी छायाचित्रे, पत्रे आणि आजी-आजोबांच्या आठवणी आज घराघरांत आहेत. त्या आजच लिहून ठेवल्या नाहीत तर शंभर वर्षांनी त्या कोणास सापडतील? जुना कागद मिळणे जसे भाग्याचे, तसाच आजचा कागद उद्यासाठी जपणे हेही इतिहासाचेच काम आहे.

तुमच्या घरी एखादी जुनी पेटी असेल. तिच्यातील कागद टाकून देण्यापूर्वी ते वडीलधाऱ्यांना दाखवा, त्यांवर काय लिहिले आहे ते विचारा, त्यांवरील तारीख पाहा आणि ते कोरड्या जागी नीट ठेवा. एवढे केले तरी राजवाडे यांनी जे व्रत आयुष्यभर पाळले, त्यातील एक लहानसा वाटा तुम्हीही उचलला असे होईल.