भटक्या योद्ध्याचे चरित्र आणि त्याचा कर्ता : रॉबर्ट हॉवर्ड

रॉबर्ट अर्विन हॉवर्ड हा अमेरिकन कथालेखक ११ जून १९३६ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी मृत्यू पावला, तेव्हा त्याच्या नावावर स्वतःचा असा एकही ग्रंथ नव्हता. त्याचे सारे लेखन स्वस्त, खरबरीत कागदावर छापल्या जाणाऱ्या कथामासिकांतून विखुरलेले होते. आज मात्र त्याने निर्माण केलेला कोनान हा भटका, रानटी योद्धा कादंबऱ्या, चित्रपट आणि विशेषतः चित्रकथांचे संकलित खंड यांद्वारे जगभर परिचित आहे. या खंडांतून वाचकासमोर येते ते तारुण्यापासून राज्यारोहणापर्यंतचे कोनानचे क्रमवार चरित्र होय. हॉवर्डने असे चरित्र कधीच लिहिले नव्हते. कर्त्याचे खंडित आयुष्य आणि त्याच्या नायकाचे इतरांनी पूर्ण केलेले आयुष्य यांतील हे अंतर लोकप्रिय साहित्यातील कर्तृत्वाचा प्रश्न समजून घेण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

१. घडण

हॉवर्डचा जन्म २२ जानेवारी १९०६ रोजी टेक्सास राज्यातील पीस्टर या लहानशा गावी झाला. वडील आयझॅक हॉवर्ड हे खेड्यापाड्यांतून व्यवसाय करणारे डॉक्टर होते. आई हेस्टर काव्याची आवड असलेली, पण क्षयाने ग्रासलेली होती. वडिलांच्या व्यवसायामुळे कुटुंबाला वारंवार गाव बदलावे लागले. अखेर १९१९ मध्ये हे कुटुंब क्रॉस प्लेन्स येथे स्थिरावले आणि हॉवर्डचे उर्वरित आयुष्य मुख्यतः याच गावी गेले.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात या परिसरात खनिज तेल सापडले आणि शांत गावाचे रूप पालटले. विहिरी खोदणारे कामगार, जुगारी, चोरटी दारू विकणारे, मुष्टियोद्धे यांची गर्दी झाली आणि तेल आटताच ती ओसरली. एकाएकी आलेल्या संपत्तीने माणसे कशी बदलतात, हे हॉवर्डने विद्यार्थिदशेतच पाहिले. संस्कृती हा मानवी व्यवहाराचा पातळ थर असून त्याखालचा रानटीपणा हीच माणसाची स्थायी अवस्था होय, या त्याच्या पुढील भूमिकेचे मूळ ग्रंथवाचनापेक्षा या अनुभवात अधिक सापडते. कोनानच्या घडणीत अशा कित्येक माणसांचे अंश एकवटले असल्याचे त्याने पत्रांतून सांगून ठेवले आहे.

१९२४ मध्ये 'वीअर्ड टेल्स' या मासिकाने त्याची 'स्पिअर अँड फँग' ही कथा स्वीकारली आणि ती जुलै १९२५ च्या अंकात प्रसिद्ध झाली. मोबदला शब्दाला अर्धा सेंट या दराने सोळा डॉलर मिळाला. तोही कथा छापून आल्यानंतर. शब्दागणिक मोबदला आणि प्रसिद्धीनंतरचे देणे या दोन गोष्टी हॉवर्डच्या निर्मितिप्रक्रियेचा विचार करताना दृष्टिआड करता येत नाहीत. त्याने लघुलेखनाचे काम केले, औषधांच्या दुकानात शीतपेये विकली, तेलविहिरींच्या वार्ता लिहिल्या. पण कोणाच्याही हाताखाली राबणे त्याला मानवले नाही. लेखनावरच उपजीविका करण्याचा त्याचा निश्चय त्या गावाला चमत्कारिक वाटणारा होता.

२. कोनानची निर्मिती

कोनानपूर्वी हॉवर्डने सॉलोमन केन हा प्यूरिटन पंथीय भ्रमंतीवीर (१९२८) आणि कुल हा अटलांटिसचा निर्वासित राजा (१९२९) या व्यक्तिरेखा निर्माण केल्या होत्या. खलाशी मुष्टियोद्धा स्टीव्ह कॉस्टिगन याच्या विनोदी कथांनी त्याला बऱ्यापैकी उत्पन्नही मिळवून दिले. १९३२ च्या आरंभी टेक्सासच्या दक्षिण सीमेवर प्रवास करीत असताना कोनानची कल्पना त्याच्या मनात साकार झाली. पहिली कथा 'द फीनिक्स ऑन द सोर्ड' ही मात्र सर्वस्वी नवी नव्हती. कुलविषयीच्या एका नाकारल्या गेलेल्या कथेचे ते पुनर्लेखन होते. ती डिसेंबर १९३२ च्या 'वीअर्ड टेल्स'मध्ये आली.

या पहिल्याच कथेत कोनान प्रौढ असून अक्विलोनियाच्या सिंहासनावर बसलेला आहे. लगेच लिहिलेल्या 'द फ्रॉस्ट-जायंट्स डॉटर' या कथेत तो हिमप्रदेशात लढणारा तरुण आहे, तर 'द गॉड इन द बोल' या कथेत नवखा चोर आहे. नंतरच्या दोन्ही कथा संपादक फार्न्सवर्थ राइट याने नाकारल्या. प्रसिद्धीचा क्रमही असाच उलटसुलट आहे : जानेवारी १९३३ मध्ये राजा कोनान, मार्चमध्ये 'द टॉवर ऑफ द एलिफंट' या कथेतील कोवळा चोर. साहसी आयुष्य जगलेला माणूस आपल्या आठवणी सांगू लागला, तर त्या कालक्रमाने सांगत नाही, असे स्पष्टीकरण हॉवर्डने पुढे एका पत्रात दिले. प्रत्येक कथा स्वयंपूर्ण असणे ही मासिकाची गरज होती हे खरे. परंतु या गरजेतूनच एक रूपबंध सिद्ध झाला. नायकाचे आयुष्य वाचकाला सलग दिसत नाही. कथाकथांमधील मोकळ्या जागांतून त्याची विशालता सूचित होते.

कथांसाठी हॉवर्डने 'हायबोरियन' नावाचे कल्पित प्राचीन युग योजिले आणि त्याचा सविस्तर इतिहास एका निबंधात आधीच लिहून ठेवला. ऐतिहासिक कथा लिहिण्यात त्याला मनापासून रस होता. पण त्यासाठी लागणारे संशोधन त्या दरात परवडणारे नव्हते. कल्पित युगामुळे इतिहासाचा आभास राखता आला आणि तपशिलाच्या जबाबदारीतून सुटकाही झाली. भारतीय वाचकाला ही युक्ती 'द पीपल ऑफ द ब्लॅक सर्कल' (१९३४) या दीर्घकथेत सहज ओळखू येते. तेथे विंध्यावरून बेतलेला 'वेन्ध्या' नावाचा देश आहे, अयोध्या ही त्याची राजधानी आहे आणि उत्तरेस 'हिमेलियन' पर्वत आहेत. ब्रिटिश साहसकथांतून आलेल्या वायव्य सरहद्दीची ही कल्पित आवृत्ती आहे. तरीही राज्यकर्ती यास्मिना ही नुसती सोडवून आणण्याची वस्तू राहत नाही. आपले कर्तव्य ओळखून ती राज्याकडे परतते आणि कोनानशी बरोबरीच्या नात्याने निरोप घेते. याच लेखकाच्या अन्य कथांतून त्या काळच्या अमेरिकन समाजाचे वंशविषयक पूर्वग्रह उघडपणे व्यक्त होतात, याचीही नोंद करणे आवश्यक आहे.

३. अखेरची वर्षे

१९३० पासून एच. पी. लव्हक्राफ्ट या भयकथालेखकाशी हॉवर्डचा विस्तृत पत्रव्यवहार होता. संस्कृती श्रेष्ठ की रानटी अवस्था, हा या पत्रांतील प्रदीर्घ वादाचा विषय होय. लव्हक्राफ्ट संस्कृतीची बाजू घेत होता. हॉवर्डला तिच्यात दांभिकता आणि ऱ्हासाचे बीज दिसत होते. या वादाचे कलात्मक फलित म्हणजे 'बियाँड द ब्लॅक रिव्हर' (१९३५) ही कथा. तिच्यातील नदीकाठची वसाहत ही टेक्सासच्या जुन्या सरहद्दीचेच रूप आहे. कोनान जिवंत राहतो, पण वसाहत वाचत नाही.

महामंदीने हॉवर्डचा व्यवसायही खिळखिळा केला. १९३२ मध्ये त्याच्या मुष्टियुद्धकथा छापणारी मासिके स्थगित झाली आणि 'वीअर्ड टेल्स'वरील अवलंबन वाढले. तेथील मोबदलाही थकू लागला. मे १९३५ मध्ये त्याने राइटला लिहिलेल्या विनवणीच्या पत्रानुसार थकबाकी आठशे डॉलरांहून अधिक होती. आईच्या आजाराचा खर्च वाढत असतानाची ही स्थिती होती. जुलै १९३५ मध्ये 'रेड नेल्स' पूर्ण केल्यानंतर त्याने कोनानची एकही नवी कथा पूर्ण केली नाही. तो पश्चिम सरहद्दीवरील विनोदी कथांकडे वळला. हे वळण केवळ अर्थकारणाचे नव्हते. आपल्या प्रदेशाचे साहित्य लिहिण्याची आकांक्षाही त्यामागे होती. शाळाशिक्षिका नोव्हेलिन प्राइस हिने त्याच्याशी असलेल्या स्नेहाच्या आठवणी १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. त्यांतून आईच्या शुश्रूषेत बांधला गेलेला, चिडखोर आणि हळवा हॉवर्ड दिसतो.

जून १९३६ मध्ये आई बेशुद्धावस्थेत गेली. ती पुन्हा शुद्धीवर येणार नाही हे कळल्यावर ११ जूनच्या सकाळी हॉवर्डने आत्महत्या केली. दुसऱ्या दिवशी आईचे निधन झाले. १४ जून रोजी दोघांचा अंत्यविधी एकत्र झाला आणि ब्राउनवुड येथील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. 'रेड नेल्स'चे क्रमशः प्रकाशन यानंतर सुरू झाले.

४. क्रम लावणारे हात

मृत्यूपूर्वी तीनच महिने हॉवर्डला पी. शायलर मिलर या वाचकाचे पत्र आले होते. मिलर आणि जॉन क्लार्क यांनी प्रसिद्ध कथांतील पुराव्यांवरून कोनानच्या आयुष्याचा क्रम लावला होता. हॉवर्डने आनंदाने उत्तर दिले, हा क्रम बव्हंशी मान्य केला आणि काही तपशील पुरविले. नायकाच्या अखेरीविषयी मात्र आपण काही सांगू शकत नाही, असे त्याने कळविले. पुढील सारा संपादनव्यवहार या क्रमावर उभा राहिला, पण त्यातील हा संयम मागे पडला.

१९५० पासून नोम प्रेस या प्रकाशनसंस्थेने कोनानकथा ग्रंथरूपात आणल्या. एल. स्प्रेग डी कँप याने संपादनात भाग घेतला, अप्रकाशित कथा फेरफार करून छापल्या आणि हॉवर्डच्या कोनानशी संबंध नसलेल्या कथाही कोनानच्या केल्या. मध्ययुगीन कैरोत घडणारी एक कथा अशा रीतीने हायबोरियन युगात गेली. १९६६ पासूनच्या लान्सर आवृत्तीत लिन कार्टर याच्या सहकार्याने रिकाम्या जागा नव्या कथांनी भरण्यात आल्या. फ्रँक फ्राझेटा याच्या मुखपृष्ठांमुळे या आवृत्तीला मोठा वाचकवर्ग लाभला. हॉवर्डने कोनानच्या एकवीस कथा पूर्ण केल्या होत्या. नव्या वाचकाला मूळ कोणते आणि भर कोणती हे वेगळे करणे कठीण झाले. संतांच्या गाथांतील प्रक्षेपांची चर्चा परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला या प्रश्नाचे स्वरूप वेगळे सांगावयास नको. फरक इतकाच, की येथे भर घालणाऱ्यांची नावे ज्ञात आहेत आणि व्यवहार बाजारपेठेचा आहे.

५. चित्रकथा आणि त्यांचे खंड

ऑक्टोबर १९७० या तारखेने मार्व्हल संस्थेचा 'कोनान द बार्बेरियन' हा पहिला चित्रकथा-अंक निघाला. लेखक होता रॉय थॉमस. हॉवर्डच्या हस्तलिखितांचा शोध घेणारे आणि त्याच्या वारसांचे काम पाहणारे ग्लेन लॉर्ड यांच्याशी थॉमसने अंकामागे दोनशे डॉलर हक्कशुल्क ठरविले. मालकाने मंजूर केलेल्या रकमेपेक्षा ते अधिक असल्याने जॉन बुसेमासारखा महागडा चित्रकार परवडेना. म्हणून बॅरी स्मिथ या तरुण इंग्रज चित्रकाराला काम मिळाले. काटकसरीतून झालेली ही निवड फलदायी ठरली. वेलबुट्टीदार, तपशिलांनी भरलेली त्याची रेखाटने हॉवर्डच्या गद्याच्या जवळ जाणारी होती. बुसेमा १९७३ मध्ये आला आणि त्याने कोनानला भारदस्त, पिळदार रूप दिले.

थॉमसने मिलर-क्लार्क क्रमाचा आधार घेऊन तरुण कोनानपासून आरंभ केला आणि हॉवर्डच्या मूळ कथा त्या ओघात योग्य ठिकाणी बसविल्या. या पद्धतीचा परिणाम 'क्वीन ऑफ द ब्लॅक कोस्ट'मध्ये स्पष्ट होतो. मूळ कथेत चाचेगिरी करणारी बेलिट आणि कोनान यांच्या सहप्रवासाचा काळ मोजक्या वाक्यांत उरकला आहे. थॉमसने तो १९७६ ते १९७९ या काळात चाळीसहून अधिक अंकांत फुलविला आणि शंभराव्या अंकात तिचा मृत्यू दाखविला. या विस्ताराने बेलिटला मूळ कथेत नसलेला सहवास आणि इतिहास मिळाला, तिच्या मृत्यूला वर्षानुवर्षांच्या वाचनाची वेदना लाभली. पण मूळ कथेचे सामर्थ्य ज्या त्रोटकपणात होते, तो नाहीसा झाला. लाभ आणि हानी एकाच कृतीतून झाली, असे म्हणावे लागते.

१९७४ मध्ये सुरू झालेले 'द सॅव्हेज सोर्ड ऑफ कोनान' हे कृष्णधवल मासिक या दृष्टीने अधिक लक्षणीय आहे. मासिकाच्या आकारामुळे ते चित्रकथांच्या नियमसंहितेबाहेर राहिले आणि प्रौढ वाचकांसाठी हॉवर्डच्या कथा दीर्घ स्वरूपात मांडू शकले. त्यात कोनानच्या आयुष्यातील कोणताही कालखंड येई. त्यामुळे हॉवर्डच्या विस्कळीत आठवणींच्या रूपबंधाशी त्याचे नाते आपोआप जुळले. मूळ मालिका १९९३ मध्ये २७५ अंकांनंतर आणि हे मासिक १९९५ मध्ये २३५ अंकांनंतर थांबले. २००३ पासून डार्क हॉर्स संस्थेने जुन्या अंकांचे खंड काढले. पुढे हक्क २०१९ मध्ये पुन्हा मार्व्हलकडे गेले आणि २०२३ पासून टायटन संस्थेने नव्या कथा सुरू केल्या. फुटकळ अंकांना खंडांची स्थिरता मिळाली, तेव्हा क्रमवार चरित्राची कल्पनाही दृढ झाली.

याच सुमारास विरुद्ध दिशेने एक महत्त्वाचे काम झाले. पात्रीस लुइने या अभ्यासकाने हस्तलिखितांच्या आधारे हॉवर्डच्या कोनानकथांची शुद्ध संहिता सिद्ध केली. २००२ पासून निघालेल्या या खंडांत कथा नायकाच्या वयानुसार नव्हे, तर लेखनक्रमाने लावलेल्या आहेत. त्यामुळे त्यांतून दिसते ते कोनानचे चरित्र नसून हॉवर्डच्या चार वर्षांच्या लेखनाचे चरित्र होय. राजापासून आरंभ करून चोराकडे वळणारा, नकार पचविणारा, सरहद्दीच्या भूमीकडे हळूहळू परतणारा लेखक तेथे भेटतो.

हॉवर्डचे श्रेय एका लोकप्रिय नायकाच्या निर्मितीपुरते मर्यादित नाही. अर्ध्या सेंटाच्या दरात, गावाच्या उपहासात आणि आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याने अपूर्णतेलाच रूप दिले. चित्रकथांच्या खंडांनी त्याचे नाव विस्मृतीतून वाचविले, हे ऋण नाकारता येत नाही. मात्र त्यांतील सलग चरित्र वाचताना सांधे कोठे आहेत हे पाहण्याची दृष्टी वाचकाने राखली, तरच त्या चरित्रामागील कर्ता त्याला दिसू शकेल. नायकाचा शेवट आपल्याला माहीत नाही, असे लिहून ठेवणारा हा लेखक ती जागा मोकळीच ठेवून गेला.